आधी स्वतःचं टेबल: नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यासाठी सेवक-नेतृत्वाची वाट

पहिल्या नेमणुकीला तीन महिने झाले होते. प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा हातात घेऊन मी सगळ्यांची बैठक लावली आणि अर्धा तास झाडाझडती घेतली. सगळे मान खाली घालून ऐकत होते. बैठक उठल्यावर आमच्या अव्वल कारकून मॅडम मागे थांबल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी त्याच गोषवाऱ्यावर पेन्सिलीने बारीक खुणा करून आणल्या होत्या. "साहेब, खुणा केल्यात ना, तेवढ्या फायली आपल्याच कपाटात आहेत." मी मोजल्या. निम्म्याहून जास्त निघाल्या.

'सेवक-नेतृत्व' हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. १९७० साली रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी, एका मोठ्या टेलिफोन कंपनीत उभी हयात काढल्यावर, ही कल्पना मांडली. माणूस आधी सेवक असावा आणि त्यातून पुढे नेता व्हावा. त्याच्या हाताखालची माणसं वाढतात का आणि समाजातल्या सर्वांत दुबळ्याच्या पदरात काय पडतं, यावरून त्याला जोखावं, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. प्रशिक्षणात हे छान वाटतं. कार्यालयात आल्यावर त्याचा अर्थ फारच साधा होतो: खालच्या माणसाचं काम जिथे अडलंय, तिथली खुंटी काढणं हे वरच्याचं काम. ती खुंटी बहुतेक वेळा आपण स्वतः असतो. कायदा आपल्याला 'लोकसेवक' म्हणतो, लोक 'साहेब' किंवा 'रावसाहेब' म्हणतात, आणि दुसऱ्या नावाची सवय फार लवकर लागते.

पुढची वाट महाराष्ट्रात तालुका किंवा जिल्हा पातळीवर पहिल्यांदा कार्यालयप्रमुख झालेल्यांसाठी आहे. माझा अनुभव महसूलचा. पंचायत समिती, कृषी, बांधकाम कुठेही असलात तरी टेबलांची नावं बदलतील, दुखणी फारशी बदलत नाहीत.

पहिला आठवडा: आपल्या खुर्चीत बसू नका

हारतुरे, ओळखी आणि वरिष्ठांच्या भेटी यांत दोन दिवस जातात. जाऊ द्यात. तिसऱ्या दिवशी आवक बारनिशीच्या (आलेलं टपाल नोंदवून घेणाऱ्या) टेबलाशेजारी खुर्ची टाका आणि दिवसभर बसा. सूचना देऊ नका, फक्त बघा. कोण येतं, काय विचारतं, किती वेळा 'उद्या या' ऐकून परत जातं.

मग निकाली निघालेला एखादा जुना अर्ज मागवा आणि त्याचा प्रवास तारखांसकट कागदावर मांडा. मी शेतरस्ता अडवल्याचा एक अर्ज घेतला होता. अर्ज आला त्या दिवशी शिक्का बसला. साहेब दौऱ्यावर, म्हणून टपाल चार दिवस मार्किंगविना, म्हणजे कोणत्या टेबलाकडे जायचं हे न लिहिता, पडलं. मार्क झाल्यावर संकलनात (त्या विषयाच्या कारकुनाच्या टेबलावर) गेलं, त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत चढलं. मंडळ अधिकाऱ्याकडून अहवाल मागवायचं पत्र तयार झालं, ते सहीसाठी पुन्हा साहेबांकडे. सही झाली, पण त्या भागातलं टपाल आठवड्यातून एकदाच जायचं. अहवाल आला, त्यात गट क्रमांक चुकलेला. पुन्हा पत्र, पुन्हा सही. सगळं जोडून पाहिलं तर त्या कागदावर माणसाचा हात जेमतेम दोन-तीन तास लागला होता. उरलेले महिने तो कुणाच्या तरी नजरेची वाट बघत होता.

असे चार-पाच अर्ज तपासा, वेगवेगळ्या विषयांचे. कार्यालयातली खरी अडचण त्यात दिसते. आळशी कारकुनाची जी गोष्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी कानात सांगितलेली असते, ती त्यात बऱ्याचदा सापडत नाही.

दुसरा टप्पा: स्वतःचं टेबल रिकामं करा

हे केल्याशिवाय कुणाला एक शब्द बोलायचा हक्क नाही. आपल्याकडे बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. बदलीच्या हंगामात सगळ्यांना तो तोंडपाठ असतो, पण त्याचा विलंबाचा भाग फार कमी जण वाचतात. साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तात्काळ फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत. शिवाय निर्णयासाठी फाइल सर्वसाधारणपणे तीनपेक्षा जास्त स्तरांतून फिरू नये. 'कर्मचारी' म्हणजे तुम्हीसुद्धा.

टपालाची वेळ ठरवा आणि पाळा. मी सकाळी कार्यालय सुरू झाल्यावरचा पहिला पाऊण तास ठेवला. दौरा असेल त्या दिवशी टपाल कोणी मार्क करायचं याचा लेखी आदेश काढून ठेवला. एवढ्यानेच ते चार दिवस वाचले.

दुसरी गोष्ट, 'चर्चा करावी' हा शेरा. फाइलवर हे दोन शब्द लिहिले की फाइल आपल्या टेबलावरून जाते आणि मन हलकं होतं. खाली काय होतं? कारकून फाइल घेऊन दारापाशी येतो, आत अभ्यागत असतात. दुसऱ्यांदा येतो, साहेब व्हीसीवर (व्हिडिओ बैठकीत) असतात. तिसऱ्यांदा येतच नाही. चर्चा हवी असेल तर शेऱ्यापुढे वार आणि वेळ लिहा, नाहीतर तो शेरा लिहू नका. शंका असतील तर सगळ्या एकदम लिहा. एकेक शंका काढून तीनदा फाइल परत करणारा अधिकारी अभ्यासू म्हणून मिरवतो खरा, पण तिकडे अर्जदाराचे तीन महिने गेलेले असतात. ई-ऑफिस आल्यापासून फाइल कुणाकडे किती दिवस आहे हे पडद्यावर दिसतं. तो अहवाल उघडला की आधी आपलं नाव शोधायचं.

तिसरा टप्पा: कार्यालयातल्या माणसांचे कागद

यावर जास्त लिहिणार आहे, कारण सेवक-नेतृत्वाची खरी परीक्षा इथे होते आणि बहुतेक जण नेमका हाच टप्पा गाळतात.

जो कारकून दिवसभर दुसऱ्यांचे दाखले तयार करतो, त्याचं स्वतःचं वैद्यकीय देयक आस्थापनेच्या (कर्मचाऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या शाखेच्या) कपाटात सहा महिने पडलेलं असतं. शिपायाची वेतनवाढ सेवापुस्तकात चढलेली नसते. कुणाचा आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळताही वरची वेतनश्रेणी देणारा) लाभ देय होऊन दीड वर्ष झालेलं असतं. सातव्या वेतन आयोगानंतर हा लाभ दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेवर मिळतो आणि तारीख उलटली तरी प्रस्ताव आपोआप जात नाही. अशा माणसाला 'जनतेशी सौजन्याने वागा' म्हणून परिपत्रक द्यायचं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

मी हे शिकलो त्याच अव्वल कारकून मॅडममुळे. निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कागद तयार करायला घ्यायचे असतात आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जायला हवं. मी त्यांचं सेवापुस्तक मागवलं. मधल्या एका कार्यालयातल्या चौदा महिन्यांची सेवा पडताळणी नोंदवलेलीच नव्हती. त्यांना माहीत होतं. "दोन पत्रं पाठवली साहेब, उत्तर आलं नाही. मग म्हटलं, आपल्या कामासाठी किती मागे लागायचं." छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामामागे लागलेल्या बाई हे सांगत होत्या. मी त्या कार्यालयाच्या प्रमुखांना फोन केला, थेट त्यांच्या नावाने अर्धशासकीय पत्र लिहिलं आणि आस्थापनेच्या कारकुनाला सेवापुस्तक घेऊन प्रत्यक्ष पाठवलं. वेतनाची जुनी देयकं काढून पडताळणी झाली. माझा एकूण वेळ गेला अर्धा तास. त्यांच्या पातळीवरून तो दरवाजा उघडत नव्हता, माझ्या पातळीवरून उघडला, एवढाच काय तो फरक.

तेव्हा हे करा: आस्थापना शाखेकडून एक तक्ता घ्या. प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव, निवृत्तीची तारीख, सेवापुस्तकातली शेवटची पडताळणी, प्रलंबित देयकं, देय असलेले लाभ. कंत्राटी संगणक चालक आणि सफाई कामगारही त्यात धरा. त्यांचं मानधन कधीपासून थकलंय हे विचारणारं सहसा कुणी नसतं. तक्ता स्वतःच्या टेबलावर काचेखाली ठेवा आणि महिन्यातून एकदा पुढे सरकवा. नियमात बसत नसेल ते मंजूर करू नका, पण ते का बसत नाही हे त्या माणसाला बोलावून सांगा.

आणि हो, रजा. हक्काची रजा मागायला आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवण्यात काही अधिकाऱ्यांना विचित्र समाधान मिळतं. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. शनिवारी बोलावण्याआधी हे काम शुक्रवारी का झालं नाही, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

चौथा टप्पा: 'मी आहे ना' हे लिहून द्या

कारकून निर्णय का टाळतो? त्याला लेखापरीक्षणाची भीती असते, चौकशीची असते, माहिती अधिकारात टिपणीची प्रत बाहेर जाईल याची असते. त्याने पाहिलेलं असतं की तोंडी सांगणारे साहेब बदलून जातात आणि सहा वर्षांनी आक्षेप येतो तेव्हा फाइलवर सही फक्त त्याची असते.

एकदा अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत एका कुटुंबाचं नाव राहिलं होतं. पंचनामा झालेला, पण तो वेगळ्या गावाच्या गठ्ठ्यात गेलेला. पुरवणी यादीत नाव घ्यायला आमचे सहायक तयार होईनात. "करून टाका, मी बघतो," मी म्हणालो. ते उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, टिपणीवर तेवढं लिहाल का?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण माणूस बरोबर बोलत होता. वर्तणूक नियम, १९७९ सुद्धा हेच सांगतात की वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि तोंडी घ्यावा लागला तर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. मी टिपणीवर तीन ओळी लिहिल्या: पंचनाम्याची तारीख, चूक कुठे झाली, आणि माझ्या आदेशाने नाव समाविष्ट करावं. दहा मिनिटांत काम झालं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. अवघड प्रकरणात कारकुनाने वस्तुस्थिती आणि नियम मांडायचे. मत द्यायला तो कचरत असेल तर सक्ती करायची नाही, कारणांसह निर्णय मी लिहायचा. वरून विचारणा झाली तर पहिलं उत्तर माझं. चूक खालच्याची असली तरी वरिष्ठांसमोर 'माझ्या कार्यालयाकडून चूक झाली' एवढंच म्हणायचं आणि त्याच्याशी नंतर, दार लावून बोलायचं. कौतुकाचं याच्या उलट: ते सगळ्यांसमोर करावं, नाव घेऊन, आणि वर्षाच्या शेवटी कार्यमूल्यमापन अहवालात नेमक्या कामाच्या उल्लेखासह लिहावं. 'चांगले काम केले' या शेऱ्याचा कुणाला काही उपयोग नसतो.

पाचवा टप्पा: खिडकीपलीकडे उभं राहून बघा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवांना मुदत आहे. उदाहरणार्थ, उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर अर्जदार पहिलं, दुसरं अपील करू शकतो, त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोग आहे, आणि कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. सेवा, मुदत, शुल्क आणि अपिलाच्या अधिकाऱ्याचं पदनाम यांचा फलक लावायचाच असतो. तो बहुतेक ठिकाणी जिन्याखाली किंवा कपाटामागे सापडतो. रांग जिथे उभी राहते तिथे, वाचता येईल अशा अक्षरांत लावून घ्या.

सर्वांत जास्त छळ होतो तो त्रुटींचा. निराधार योजनेच्या अर्जासाठी एक मावशी आमच्याकडे चौथ्यांदा आल्या होत्या. पहिल्या खेपेला वयाचा पुरावा नव्हता, दुसऱ्या खेपेला रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट, तिसऱ्या खेपेला पतीच्या मृत्यूच्या दाखल्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी. कुणी त्यांना मुद्दाम त्रास देत नव्हतं; जो टेबलावर होता त्याने त्या दिवशी जे दिसलं ते सांगितलं. आम्ही अर्ध्या पानाची एक चिठ्ठी छापली: लागणारे सगळे कागद, पुढे चौकोन. अर्ज घेतानाच पूर्ण तपासायचा, जे कमी असेल त्यावर खूण, खाली तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख. एकदा तपासल्यावर नवी त्रुटी काढायची झाल्यास माझी परवानगी. महिन्याभरात खेटे कमी झाल्याचं चहावाल्याने सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

पत्रांची भाषा हा माझा जुना राग आहे. राजभाषा अधिनियम १९६४ चा, म्हणजे पत्रं मराठीत जातात. पण 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' हे वाचून शेतकऱ्याने काय करायचं? पहिल्या ओळीत निर्णय, दुसरीत कारण, तिसरीत त्याने पुढे काय करायचं आणि कधीपर्यंत. नेहमी लागणारी दहा पत्रं अशी एकदा लिहून संगणकावर ठेवली की काम झालं.

माहिती अधिकाराचे अर्ज वाढलेत म्हणून कुरकुर करू नका. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ खाली सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध करायच्या असतात. त्या अद्ययावत असतील तर निम्मे अर्ज येतच नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

सहावा टप्पा: दप्तर

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची बैठक व्यवस्था आणि अभिलेख यांची घडी बसवली. 'लखीना पॅटर्न' म्हणून जुने कर्मचारी अजून त्याचं नाव काढतात. सहा गठ्ठा पद्धतही तुम्हाला माहीत असेलच: प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली), नियतकालिकं (ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेखागारात पाठवायची आणि नाश करायची. आदेश काढून हे होत नाही. एक दुपार अभ्यागतांची वेळ नसेल अशी निवडा, सतरंजी टाका, आणि पहिला गठ्ठा स्वतः सोडा. धूळ साहेबांच्याही नाकात गेली की बाकीच्यांचे गठ्ठे आपोआप सुटतात.

सातवा टप्पा: गोड साहेब होऊ नका

सेवक म्हणजे पायपुसणं नव्हे. हे मी थोडं उशिरा शिकलो. माझ्या मवाळपणाचा फायदा एक जण दीड वर्ष घेत होता. रोज अकराला यायचा आणि त्याचं काम शेजारचा मुकाट्याने ओढायचा. मी एकाला सांभाळून घेत होतो आणि दुसऱ्याला पिळत होतो. शेवटी शेजारच्यानेच बदली मागितली तेव्हा डोळे उघडले.

क्रम साधा ठेवा. आधी एकट्यात बोलणं, घरी काही अडचण आहे का ते विचारणं. मग ज्ञापन, म्हणजे लेखी समज. मग कारणे दाखवा नोटीस. त्याने भागलं नाही तर शिस्त व अपील नियम, १९७९ आहेत. पैसे मागण्याच्या बाबतीत मात्र पायऱ्या नाहीत. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक दर्शनी भागात असू द्या आणि तो फलक झाकला जाणार नाही हे रोज येता-जाता बघा. तसंच महिलांच्या तक्रारीसाठीची अंतर्गत समिती: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती बंधनकारक आहे. सदस्यांपैकी किती जणांची बदली होऊन गेलीय, ते आजच तपासा.

बाहेरून येणाऱ्या फोनांचं काय? येतात, येणारच. ऐकून घ्यावं, आवाज चढवू नये, 'नियमात बसत असेल तर आजच करतो' म्हणावं आणि तो फोन कारकुनाच्या टेबलावर ढकलू नये. 'वरून आलंय, बघा काहीतरी' हे वाक्य तुम्ही एकदा बोललात की चौथ्या टप्प्यात कमावलेलं सगळं गेलं.

दर सोमवारी वीस मिनिटं

उभ्याने घ्या, म्हणजे लांबत नाही. जिल्ह्याच्या लोकशाही दिनाचा (लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा) महिन्यातला पहिला सोमवार सोडून. 'किती झालं?' ऐवजी 'कुठे अडलंय?' विचारा आणि उत्तर स्वतःच्या वहीत लिहा. पुढच्या सोमवारची सुरुवात त्याच वहीने करा: मी काय करणार होतो, काय केलं, काय राहिलं. पहिले दोन-तीन सोमवार कुणी काही बोलणार नाही. चौथ्या सोमवारी कुणीतरी प्रिंटरच्या टोनरचं नाव काढेल. तो त्याच दिवशी आणून द्या. पाचव्या सोमवारपासून खऱ्या अडचणी यायला लागतात.

जाताना

पदावधी साधारण तीन वर्षांचा, एप्रिल-मे आला की हालचाल सुरू. तुमच्या चांगुलपणावर चाललेलं सगळं तुमच्याबरोबर जातं, म्हणून शेवटचे दोन महिने ते कागदावर उतरवण्यात घालवा. टपाल मार्किंगचा आदेश, तपासणी चिठ्ठीचा नमुना, पत्रांचे मसुदे हे सगळं स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात लावा. पदभार सोपवतानाच्या प्रभार यादीत गाड्या, खुर्च्या आणि शिक्के असतातच. तिच्यासोबत दोन पानं वेगळी जोडा: न्यायालयाच्या तारखा, अर्धवट राहिलेले शब्द ('अमक्या गावाला पंधरा तारखेपर्यंत मोजणीचं सांगितलंय'), आणि काचेखालचा तो तक्ता, ज्यांचे कागद अजून अडलेले आहेत त्यांच्या नावांवर पेन्सिलीने खुणा करून.